उरलंय, म्हणून देऊ नका!

गेल्या मे महिन्यात आमच्याकडच्या लग्नात दोन पातेली मसालेभात उरला. "वाया कशाला घालवायचा? वृद्धाश्रमात पाठवू," असं मीच म्हटलं. पंगत दुपारी एकला उठली होती. टेम्पो मिळेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले. दुसऱ्या दिवशी आश्रमातून फोन आला. चार आजींना उलट्या-जुलाब सुरू झाले होते, एकीला तर सलाईन लावावं लागलं.

त्या आजींना भेटायला गेले, तेव्हा तिथल्या ताई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानं आणता, नाही कसं म्हणायचं?" अगदी चपराक बसल्यासारखं झालं.

मैत्रिणींनो, शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. 'एक उकळी काढली की झालं' हा आपला समज इथे चालत नाही.

आपल्याला जे पचतं, ते म्हाताऱ्या माणसांना पचेलच असं नाही. वयानुसार प्रतिकारशक्ती कमी होते, तहानही नीट जाणवत नाही. म्हणून साधे जुलाबसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

मग द्यायचंच नाही का? जरूर द्या! पण आधी फोन करून विचारा. तांदूळ, डाळ, तेल द्या. वाढदिवसाचं जेवण तिथल्याच स्वयंपाकघरात ताजं करवून घ्या. मोठा फ्रिज, झाकणाचे डबे, हात धुवायला साबण, ओटा पुसायला वेगळी आणि ताटं पुसायला वेगळी फडकी, हेही दानच आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कक्षेत नफा न घेता चालणारी स्वयंपाकघरंही येतात. तेव्हा आश्रमाची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

आता मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. पाच तास बाहेर राहिलेला भात मी माझ्या आईच्या ताटात वाढला असता का?