मेल्यावर कर्मचारी, आजारी पडल्यावर स्वयंसेविका

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला आणि दोनच दिवसांत राज्य शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या काळात परकीय सत्तेने केलेला हा कायदा अंमलदारांना अमर्याद अधिकार देतो आणि त्यांच्या कृत्यांना दाव्यापासून संरक्षणही देतो. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा ठरविली, ते योग्यच झाले. परंतु साथीशी झुंजणारा सेवक स्वतः आजारी पडला तर त्याच्या पगाराचे व रजेचे काय, याविषयी हा कायदा मूक आहे.

या मौनाची झळ कोणास लागते, हे बेसासारख्या ठिकाणी उमगते. मनीषनगरापलीकडची ही वस्ती शहरासारखी फुगली, पण साथीच्या वेळी कारभार ग्रामपंचायतीचा होता. तेथे जो कायम सरकारी नोकर, त्याला १९८१ च्या रजा नियमांचा आधार. ग्रामपंचायतीचा सफाई कामगार, कंत्राटी परिचारिका आणि आशा यांना मात्र तो नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा घरोघर जाण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात आशांवरच पडली. त्या आजारी पडल्या तर त्यांची जबाबदारी कोणाची?

२९ मे २०२० च्या शासननिर्णयाने कोविड कर्तव्यावर मृत्यू आल्यास पन्नास लाखांचे साहाय्य जाहीर केले आणि त्यात कंत्राटी व मानसेवी कर्मचाऱ्यांचाही समावेश केला. म्हणजे ही माणसे आपलीच आहेत, हे शासनास मान्य आहे. मग मरणानंतर जे नाते मान्य होते, ते तापाने फणफणत असताना का नाकारले जावे? केंद्राने जून २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना, आईवडील वा अवलंबित कुटुंबीय बाधित झाल्यास पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिली. त्याच महिन्यात महाराष्ट्रातील आशांना मात्र मानधनवाढीसाठी संप करावा लागला.

रजा कागदावर मिळाली तरी काम संपत नाही. आपला हक्क कोणता, अर्ज कोणाकडे करायचा, संरक्षक साधनांवाचून कामाला नकार कसा द्यायचा, हे ठाऊक नसेल तर कागद कागदच राहतो. श्रमिक शिक्षणासाठी १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मंडळाचे मुख्यालय दीर्घकाळ याच नागपुरात होते. कामगाराला शिकविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते. ते शिक्षण बेसाच्या आशांपर्यंत व सफाई कामगारांपर्यंत न्यावयास काय हरकत आहे?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. पण रजेअभावी आजार लपवून दारोदार फिरणारा सेवक साथ पसरवितो, तिचा खर्च कोणाच्या तिजोरीतून होतो?

म्हणून मागण्या दोन. सार्वजनिक सेवेत राबणाऱ्या प्रत्येकाला, त्याचे पद काहीही असो, साथीच्या काळात भरपगारी रजा कायद्याने मिळावी. आणि कामाच्या वेळातच, पगार न कापता, हक्कांचे प्रशिक्षण द्यावे. कार्यकर्त्यांनी पुढच्या साथीची वाट न पाहता गावोगावच्या ग्रामसभांत हे ठराव आजच मांडावेत. साथ आल्यावर केलेली मागणी ही याचना ठरते; आधी केलेली मागणी हा हक्क ठरतो.