शिलाँगला जा, पण नाक मुरडू नका

शिलाँगचे ढग, धबधबे यांचे कौतुक सगळेच करतात. आम्हाला मात्र हे शहर भावले ते बडा बाजारात. खासी बायका तिथे दिमाखात व्यापार करतात. या समाजात कुळाचे नाव आईकडून येते, वारसा धाकट्या मुलीकडे जातो. शेजारच्या खानावळीत जादोह मिळतो : डुकराचे मांस आणि रक्त घालून शिजवलेला भात. सोबत आंबवलेल्या सोयाबीनचे तुंगरिंबाई. ते पाहून कित्येक पर्यटक नाक मुरडतात. आपल्या शहरांत ईशान्येच्या विद्यार्थ्यांना स्वयंपाकाच्या वासावरून घर नाकारणारी वृत्तीही हीच. ताटावरून माणसाची पायरी ठरवणे ही जातिव्यवस्थेचीच खोड नव्हे काय?

सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत सहावी अनुसूची बाबासाहेबांनी मांडली. काही सदस्यांनी कडाडून विरोध केला. शिलाँगचे रेव्हरंड निकोल्स रॉय आदिवासींच्या बाजूने ठाम उभे राहिले. जमीन, वारसा, रूढी यांबाबत कायदे करण्याचा अधिकार स्वायत्त जिल्हा परिषदांना मिळाला. संविधानाने ज्यांचे वेगळेपण मान्य केले, त्यांना हिणवणारे आपण कोण?

शिलाँगला अवश्य जा. जादोह आवडला नाही तर खाऊ नका. पण परतल्यावर दारात भाड्याची खोली विचारणाऱ्या ईशान्येच्या मुलाला तो काय खातो हे विचारू नका.