खेळ हा पोरखेळ नव्हे

गेल्या भाऊबीजेच्या दुपारी आमच्याकडे फराळाला आलेल्या एका पाहुण्यांनी चकली मोडता मोडता मला एक प्रश्न विचारला. आमचा सहा वर्षांचा नातू आठवड्यातून तीनदा थेरपीला जातो, हे त्यांना आमच्या सुनेकडून नुकतेच कळले होते.

"तिथं करतात काय हो, मास्तर?"

"खेळतात," मी म्हटले.

पाहुणे क्षणभर थांबले आणि मग मनापासून हसले. "म्हणजे पैसे मोजून खेळायला पाठवता? अहो, पोरं काय, रस्त्यावरही खेळतात!"

गृहस्थ दुष्ट नाहीत. शिकलेसवरलेले आहेत, अडल्यानडल्याला धावून जाणारे आहेत. त्या दिवशी मी त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली आणि गप्प बसलो. परंतु तो प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे, आपल्या साऱ्यांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आज चारचौघांत देतो.

आपल्या घरांत 'खेळ' हा शब्द मुळी 'अभ्यास' या शब्दाच्या विरुद्धार्थी म्हणूनच नांदतो. 'खेळ पुरे, आता पुस्तक घे' हे वाक्य मी स्वतः छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत किती हजार वेळा उच्चारले असेल, त्याचा हिशेब नाही. एखादी गोष्ट क्षुल्लक ठरवायची झाली की आपण तिला 'पोरखेळ' म्हणतो. माझे म्हणणे असे की, या तुच्छतेने आपण सगळ्याच मुलांचे नुकसान केले आहे; पण ज्यांचे हात, पाय, वाणी किंवा मन चारचौघांसारखे चालत नाही, त्या मुलांचे सर्वांत अधिक.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. आमचा नातू दिवस भरण्याआधी जन्मला. सेरेब्रल पाल्सी हे नाव आम्हांला पुढे वर्षभराने कळले. वाढत्या मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा होते. ती इजा पुढे पसरत नाही, पण स्नायूंना जाणारे हुकूम चुकीचे जातात. आमच्या नातवाचा उजवा हात नि उजवा पाय आखडलेला आहे. बुद्धी मात्र अशी तल्लख की पत्त्यांत मला हरवील. मी ठरवले, याला लिहायला मी शिकवणार. रोज संध्याकाळी त्याची उजवी मूठ पेन्सिलीभोवती आवळून मी 'अ' गिरवून घेऊ लागलो. तो रडे, मला घाम फुटे. तीन महिन्यांत 'अ' काही आला नाही. येणार कसा? लिहीत होता तो माझा हात, त्याचा नव्हे!

मग थेरपी सुरू झाली. पहिल्या दिवशी मीही त्या खोलीत बसलो होतो. ताईंनी एक परात राजम्याने भरून पुढ्यात ठेवली आणि त्यात लाकडी प्राणी लपवले. त्याच्या चांगल्या डाव्या हातावर त्यांनी एक मऊ मोजा चढवला आणि म्हणाल्या, "हा वाघ. हा आता झोपलाय. तो उठायच्या आत आपल्या माकडानं सगळ्या प्राण्यांना बाहेर काढायचंय." माकड म्हणजे उजवा हात. पोराने वीस मिनिटे ती परात उपसली. घरी पेन्सिल धरून तीन मिनिटे बसत नसे! मध्येच तो माझ्याकडे वळून कुजबुजला, "आजोबा, हळू बोला. वाघ उठेल." मी तर एक अक्षरही बोललो नव्हतो.

हे आमच्या पाहुण्यांनी पाहिले असते तर म्हणाले असते, 'हा तर खेळ!' होय, खेळच. पण त्यामागचे शास्त्र ऐका. एक हात धड असला की मूल सारी कामे त्यावरच ढकलते आणि मेंदू दुसऱ्या हाताला हळूहळू विसरत जातो. म्हणून धड हाताला थोडा वेळ झोपवायचे नि दुबळ्याला कामाला लावायचे. आणि हातपाय दुसऱ्याने हलवून दिले तर मेंदू फारसे शिकत नाही. मुलाने स्वतः, स्वतःला हव्या असलेल्या गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा धडपड करावी लागते. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ज्या पद्धतींची बाजू भक्कम ठरली, त्यांत या स्वतःच्या धडपडीच्याच पद्धती होत्या. सहा वर्षांच्या मुलाला शंभर वेळा धडपड करायला लावणारी एकच शक्ती जगात आहे, आणि ती मास्तरची छडी नव्हे. खेळ हा कडू औषधाला लावलेला मध नाही. खेळ हेच औषध आहे.

'हे सारे परदेशी खूळ' असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जाऊन यावे. मूळच्या अमेरिकन आणि लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी तिथे १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. व्यवसायोपचार म्हणजे माणसाला त्याच्या रोजच्या व्यवहारांत पुन्हा उभे करणे. आता सांगा, सहा वर्षांच्या मुलाचा व्यवसाय कोणता? आणि ताराबाई मोडकांना तर परक्या म्हणण्याची कोणाची छाती नाही! १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तिथल्याच बिया, पाने, शंखशिंपले यांना शिक्षणाची साधने केले. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो; त्यातले अंगण मात्र आपण विसरलो.

पाहुण्यांना बोललो, आता आपल्याच माणसांना बोलतो. आम्ही पालक खेळाला मान द्यायला लागलो की लगेच त्याची परीक्षा करतो. 'हा रंग कोणता? सांग! गाय कशी करते? करून दाखव!' ज्यात सारी उत्तरे मोठ्यांना आधीच ठाऊक असतात, तो खेळ नव्हे, ती तोंडी परीक्षा. खेळात मुलाला 'नको' म्हणता आले पाहिजे, हरता आले पाहिजे, नियम मोडता आले पाहिजेत. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे आहे. गोव्यात आणि रावळपिंडीत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईबापांचे मुलाबरोबरचे खेळणे चित्रित केले आणि ते त्यांच्याबरोबर बसून पाहिले. शिकवायचे होते ते मुलांना नव्हे, आईबापांना: थांबा, मूल कुठे पाहते आहे ते पाहा, त्याच्या मागून जा. आईबाप मागून जायला शिकले, तसतशी मुले आपणहून अधिक बोलावू लागली. मोठी यंत्रे लागली नाहीत. लागला तो धीर.

आणि जे खेळाचा बाजार मांडतात त्यांनाही सोडता येणार नाही. आम्ही आधी एका ठिकाणी फसलो होतो. रंगीत चेंडूंनी भरलेली खोली, 'सहा महिन्यांत फरक' अशी हमी, आणि आईबापांना दाराबाहेर बाकडे! आत काय चालते ते विचारले की 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे ठरलेले उत्तर. प्रामाणिक उपचारक हमी देत नाही आणि दार लावून घेत नाही. आताच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सुनेला सांगितले, "हात पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही. शर्टाची बटणं स्वतः लावील, असा प्रयत्न करू या." त्या एका वाक्यावर मी त्यांना गुरू मानले.

आता पाहुण्यांच्या प्रश्नातल्या खऱ्या काट्याकडे येतो. 'पोरं रस्त्यावरही खेळतात,' असे ते म्हणाले. बरोबर आहे. पण आमचा खेळत नाही. त्याला कोणी बोलावीत नाही. आठवड्यातले तीन तास तो खेळतो ते पैसे देऊन नेमलेल्या ताईंशी; उरलेला आठवडा गॅलरीच्या गजांतून इतरांचा खेळ पाहतो. ही गोष्ट कोणत्याही थेरपीने सुटणारी नाही. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता आले पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारात स्पष्ट लिहिले आहे आणि भारताने २००७ साली त्यास मान्यता दिली आहे. आपला स्वतःचा कायदा २०१६ चा. सरकारने 'अपंग' शब्द काढून 'दिव्यांग' आणला. उत्तम! परंतु शब्दाला धरून जिना उतरता येत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या मुलांनी जिन्याशेजारी किल्ला केला. विटा, गोणपाट, चिखल, वर अळीव पेरलेले, गुहेत वाघ. आमचा नातू चार दिवस वरून बुरूज मोजत होता. 'त्याला लागेल बाई,' म्हणून खालून कोणी हाक मारली नाही आणि 'पडेल,' म्हणून मीही त्याला खाली नेले नाही. दिवसभर चिखल मळणे, मूठ दाबणे, खडा वेचणे: जे मिळावे म्हणून आम्ही रिक्षाने आठवड्यातून तीनदा जातो, ते आमच्याच जिन्याखाली फुकट चालले होते, आणि मी त्याला गॅलरीत बसवून लाडू देत होतो!

यंदा गणपतीच्या आधी मी शाडूची माती आणली आणि शेजारच्या दोन मुलांना घरी बोलावले. तिघांनी मिळून उंदीर केला. त्याला सोंड फुटली ती कोणामुळे, यावर जोरात भांडण झाले. आमच्या नातवाशी कोणी बरोबरीने भांडल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. सून स्वयंपाकघरातून धावत येत होती. मी तिला दारातच अडवले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही दारात मुलांनी विटा आणून टाकल्या असतील. तुमच्या इमारतीत, गल्लीत, नात्यात असे एखादे मूल असेलच. त्याला फराळाचा डबा पाठवू नका, दयेचा तर नकोच. किल्ल्याशेजारी भिंतीला लागून एक पाट मांडा, त्याला पाठ टेकून बसवा आणि चिखलाचे घमेले त्याच्यापुढे सरकवा. बुरूज वाकडा होईल. होऊ द्या.

आणि आमचे पाहुणे या भाऊबीजेला आले, तर त्यांना फराळ वर मिळणार नाही. आम्ही खाली असू.