ताटी, दार आणि द्वारदर्शन

२०२० च्या आषाढीस संत मुक्ताबाईंच्या पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. एरवी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघून बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे पायी ओलांडीत महिन्याभराहून अधिक काळ चालणारी ही वाट त्या वर्षी काही तासांवर आली. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२१ साली, शासनाने मानाच्या दहा पालख्यांना प्रत्येकी दोन बस आणि चाळीस वारकरी अशी परवानगी दिली, आणि वाखरीपासूनचा अखेरचा टप्पा तेवढा प्रतीकात्मक पायी ठेवला. आमच्या जामनेर तालुक्यातील वारकऱ्यांच्या घरांतून तेव्हा एकच प्रश्न ऐकू येई : बसने केलेल्या वारीला वारी म्हणावे काय?

प्रश्न वरकरणी धर्मशास्त्राचा आहे. पण साहित्याच्या अभ्यासकांनी तो कीर्तनकारांवर सोपवून मोकळे होऊ नये, असे आम्हांस वाटते. भयाच्या काळात माणसाला शांती कोठून मिळते, आणि ती पोचविण्याचे काम यंत्राला जमते की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. त्याचे काही एक उत्तर या मुलखाच्या वाङ्मयात आहे. ते आपण वर्गात शिकवतो, परीक्षेत त्यावर टिपा लिहून घेतो, आणि प्रसंग आला म्हणजे विसरतो.

त्या उन्हाळ्यातील भय कल्पनेतले नव्हते. मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातील करोना-मृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी वर होते. पाचोरा-जामनेर ही छप्पन किलोमीटरची नॅरोगेज गाडी, आमची 'पीजे', मार्चमध्येच थांबली होती. पुढे ब्रॉडगेजचा प्रकल्प मंजूर झाला आणि जुन्या रुळांवरून ती काही पुन्हा धावली नाही. १७ मार्चला विठ्ठलाच्या मंदिराचे दार बंद झाले. २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ ची 'रामायण' मालिका पुन्हा दाखवायला घेतली. १९८७ साली दूरदर्शन संचाला हार घालणाऱ्या भाविकांची शहाण्यासुरत्या लोकांनी पुष्कळ थट्टा केली होती. २०२० साली ती थट्टा करण्याचे धैर्य कुणाला झाले नाही, कारण थट्टा करणारेही घरीच होते आणि तेच पाहत होते.

यंत्रावरून मिळणाऱ्या दर्शनाला नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसू इच्छित नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षे पंढरी न पाहिलेल्या आजीबाईंना नातवाच्या मोबाइलवर गाभारा दिसला तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्या लहानशा काचेपुढे हात जोडले. हे दृश्य आम्ही एकाहून अधिक घरांतून पाहिले आहे. त्यांच्या लेखी तेथे काच नव्हतीच. कुणी म्हणेल, हा भाबडेपणा आहे. पण मूर्तीकडे पाहताना दगड न दिसणे हा भाबडेपणा नसेल, तर मोबाइलकडे पाहताना काच न दिसणे हाही नसावा. दर्शन यंत्रातून येऊ शकते. आमची शंका पुढची आहे. दर्शनाच्या आधीचे चालणे आणि नंतरची क्षेमालिंगने यांचे काय होते? म्हणजे देव पोचतो, माणसे पोचतात काय?

या शंकेचा खरा कस देवळात लागला नाही, तो मृताच्या अंगणात लागला. मृताच्या घरी सांत्वनाला जाण्यास खानदेशात 'दारावर जाणे' म्हणतात. पत्रिकेत आणि आता मोबाइलवरील निधनवार्तेत त्याचेच 'द्वारदर्शन' असे भारदस्त रूप होते. शब्द मोठा विलक्षण आहे. देवाचे दर्शन घ्यायचे तसे दुःखात बुडालेल्या घराच्या दाराचे दर्शन घ्यायचे. बाकी विधी असा काही नाहीच. अंगणात सतरंजी अंथरलेली असते. पुरुष तेथे टेकतात, बाया आत जातात. कुणी तरी हलकेच विचारतो, कसे झाले? घरातील माणूस सांगू लागतो : रात्री बरे होते, पहाटे पाणी मागितले. थोड्या वेळाने दुसरे चार जण येतात, आणि तोच माणूस तेच पुन्हा पहिल्यापासून सांगतो. दहा दिवसांत ही हकिगत शंभरदा सांगून होते. शंभराव्या वेळी तिच्यातले हुंदके संपलेले असतात, तिला आदि-मध्य-अंत आलेला असतो. ज्यांना कथनशास्त्राचे ग्रंथ वाचावयाचे असतील त्यांनी अवश्य वाचावेत. पण कथन माणसाला कशासाठी लागते ते दारावर जाऊन बसल्यावर अधिक लवकर कळते.

२०२० आणि २०२१ साली निधनवार्तेखाली नवी ओळ येऊ लागली : कृपया दारावर येऊ नये, फोनवरूनच सांत्वन करावे. ती ओळ योग्यच होती. तिने किती तरी जीव वाचवले असतील. परंतु त्या ओळीने काय हिरावले ते सांगितले पाहिजे. फोन केले गेले, पुष्कळ केले गेले. आणि प्रत्येक फोनवर एक अडचण येई. दारावर गेलेला माणूस अर्धा तास काहीही न बोलता बसू शकतो, आणि त्याचे ते न बोलणे घरच्यांपर्यंत पोचते. फोनवर कुणी क्षणभर गप्प झाले की पलीकडून विचारणा होते : हॅलो, आवाज येतोय ना? मौन म्हणजे रेंज गेली. त्यामुळे सांत्वन करणारा बोलत राही. धीर धरा, देवाची इच्छा, काळजी घ्या, वाफ घेता ना, असे शब्द एकामागून एक येत राहत, आणि दुःख करणाऱ्यालाच शेवटी 'हो, हो, बरं' म्हणून समोरच्याची सुटका करावी लागे. यंत्राने आवाज पोचवला, पण मौन पोचवणे त्याला जमले नाही. आणि शांतीचा पुष्कळसा व्यवहार मौनातून चालतो.

येथे ताटीच्या अभंगांकडे वळणे अपरिहार्य आहे. परंपरेने सांगितलेला प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. लोकांच्या निंदेने व्यथित झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून ती उघडण्याची विनवणी केली. आपण हे अभंग बहुधा क्षमा, वैराग्य, योग्याची लक्षणे या मथळ्यांखाली शिकवतो. विलगीकरणाच्या दिवसांत ते वाचताना आम्हांस त्यांतील जागांची मांडणी प्रथमच जाणवली. आत एक, बाहेर एक, मध्ये ताटी. आतल्याला शांती हवी आहे म्हणून त्याने दार लावले आहे. बाहेरची त्याहून मोठ्या शांतीविषयी बोलते आहे, आणि ती शांती तिच्या मते दार लावून मिळणारी नाही. ती वयाने लहान आहे, तिचे दुःखही तेवढेच आहे, कारण निंदा एकट्या ज्ञानदेवांची झालेली नव्हती. ती गोंजारते, पण खडसावतेही. आणि मुख्य म्हणजे ती तेथून जात नाही. ताटी ही काही लाकडी फळ्यांची कवाडे नव्हेत, कामट्याकाटक्यांची ती. तिच्यातून आवाज जातो, श्वासही ऐकू येत असेल. बाहेर कुणी तरी उभे आहे, हे आतल्याला कळत राहते. सांत्वनाचा अर्धा भाग शब्दांत असेल, तर उरलेला अर्धा या उभे राहण्यात आहे.

त्याच वर्षी आमच्यापैकी काही जण हे अभंग मोबाइलवरून शिकवीत होते. विद्यार्थ्यांच्या नावांचे काळे चौकोन, सगळ्यांचे माइक बंद. शेंदुर्णी-पहूरकडची मुले रेंजसाठी शेतात जाऊन बसत. ताटीमागे कोण आहे आणि कोण नाही, हे कळायला मार्ग नव्हता. हजेरी मात्र पूर्ण लागे!

एकांताला आमचा विरोध आहे असे कुणी समजू नये. जामनेर तालुक्यातील पहूरवरून अजिंठ्याचा रस्ता जातो, आणि या भागात वाढलेल्या माणसाला एकांताची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. पण अजिंठ्याच्या विहारांची रचना पाहावी. भिक्षूंच्या खोल्या लहान, अंधाऱ्या, एकेकट्याच्या. मात्र त्यांची दारे मधल्या सामाईक दालनात उघडतात. एकांताला लागूनच संघ आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी जाणाऱ्याला मोबाइल जमा करावा लागतो, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. मात्र सत्यनारायण गोएंका २०१३ साली निवर्तल्यानंतरही तेथील रोजच्या सूचना आणि संध्याकाळची प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात होतात, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. एक यंत्र दाराशी ठेवून घेतले जाते, आणि दुसरे आत गुरूचे काम करते. तेव्हा यंत्र विरुद्ध अध्यात्म अशी सोपी लढाई लावण्यात अर्थ नाही. ध्वनिफीत शंभर माणसे एका सभागृहात शेजारी शेजारी बसून ऐकतात, यात तिचे बळ असावे.

आणखी मागे जावे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो खानदेशातही पोचला. १८९७ चा साथरोग कायदा त्या प्लेगसाठी झाला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने तोच लागू केला. कायद्याच्या भाषेत त्या साथीचे काय उरले ते कुणीही काढून वाचावे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत तिचे नाव 'पिलोक' असे येते. गाव सोडून रानामळ्यात राहायला गेलेली माणसे त्या कवितेत आहेत. बहिणाबाईंच्या थोरल्या मुलाला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. म्हणजे ही बाहेरून पाहिलेली साथ नव्हे. साथीच्या नावालासुद्धा आपल्या बोलीत ओढून घेणाऱ्या या बाईच्या धैर्याचे आम्हांस फार नवल वाटते. परके, छापील नाव जिभेवर वळले की भय थोडे ओळखीचे होते. आपण मात्र 'क्वारंटाइन' आणि 'सोशल डिस्टन्सिंग' यांना घाबरूनच उच्चारीत राहिलो.

बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांची कविता कागदावर आली ती घरच्या माणसांनी जवळ बसून ऐकली आणि उतरवून घेतली म्हणून. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली सोपानदेवांनी आणलेले ते हस्तलिखित अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूप झाले. जळगावच्या छापखान्यावर त्यांची कविता आहे, आणि यंत्राकडे पाहण्याची त्यांची दृष्टी भ्यालेली नाही, भारावलेलीही नाही. लेखणी आणि छापखाना ही दोन्ही यंत्रेच. पण त्यांच्या आधी कुणी तरी शेजारी बसले होते, हे महत्त्वाचे.

मंदिरे उघडावीत म्हणून २०२० च्या उत्तरार्धात जी आंदोलने झाली, त्यांत श्रद्धा किती आणि राजकारण किती याचा हिशेब आम्ही येथे मांडत नाही. नोव्हेंबरात पाडव्याला मंदिरे उघडली, पुढच्या लाटेत मिटली, ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. मात्र विठ्ठलाचे दार हा शब्द ऐकला की अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचे १९४७ च्या मे महिन्यातील दहा दिवसांचे उपोषण आठवावे. त्यांचे मागणे स्वतःला दर्शन मिळावे असे नव्हते. ते त्यांना मिळतच होते. ज्यांना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांना आत घ्यावे, हे होते. दर्शन एकट्याने घेण्यात काही तरी उणे राहते, ही जाण त्यामागे आहे.

आता नवे यंत्र आले आहे. रात्री दोन वाजता झोप येईना, तर आमचे विद्यार्थी मोबाइलवर आपली घालमेल टंकतात आणि समोरून सुबक मराठीत धीराचे चार परिच्छेद येतात. ते परिच्छेद वाईट नसतात. एखाद्या होतकरू मुलीला त्या रात्रीपुरता त्यांचा आधारही होत असेल, आणि वसतिगृहात जागे करण्याजोगे कुणी नसेल तर तिने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांनी आधी द्यावे. तरीही एक फरक आहे. ते यंत्र खडसावत नाही. दार लावून बसलेल्याला, तू म्हणतोस ते समजण्यासारखे आहे, असेच बहुधा सांगते. कंटाळत नाही, म्हणून त्याच्या थांबण्याला किंमत येत नाही. आणि त्यालाही गप्प बसता येत नाही. आपण थांबलो की ते थांबते. ते मौन नव्हे.

बसने झालेल्या वारीला वारी म्हणावे काय, याचे आमचे उत्तर 'होय' असे आहे. परंपरा खंडू नये म्हणून मोजक्यांनी जावे आणि हजारोंनी घरी थांबावे, हे अनेकांनी मिळून सोसले होते. घरी राहिलेल्याच्या वतीने कुणी तरी गेले होते. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा बसची सोय होती म्हणून कुणी चालायचे सोडले नाही. दारावर जाण्याचे तसे झाले नाही. साथ ओसरल्यावरही 'फोनवरूनच सांत्वन करावे' ही ओळ काही पत्रिकांतून राहून गेली आहे, आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत ती लिहिणाऱ्यांत सुशिक्षित, शहरात स्थिरावलेली घरे अधिक दिसतात. त्यांची कारणे खरी असतील : रजा नाही, घर लहान, दहा दिवस माणसांची ये-जा सोसवत नाही. जामनेरात मात्र निधनवार्तेसोबत आता घराचा नकाशाही मोबाइलवर येतो. त्या नकाशाच्या आधाराने, पूर्वी कधी न पाहिलेल्या गल्लीत, विचारत विचारत माणसे येतात, चपला काढतात आणि सतरंजीवर बसतात.