श्रमदानाची भिंत कच्ची नसते

स्वयंसेवकांनी गरिबांची घरं बांधायला हातभार लावावा, असं म्हटलं की नाशिकमध्ये दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. हौशी हातांनी उभारलेली भिंत टिकत नाही, हा पहिला. घर देणं सरकारचं काम, श्रमदानामुळे सरकार मोकळं सुटतं, हा दुसरा.

पहिला आक्षेप घेणाऱ्यांनी एखाद्या घरकुलाचं काम जवळून पाहावं. ओळंबा गवंड्याच्याच हातात असतो. पायाची खोदाई, माल कालवणं, विटा पोचवणं आणि भिंतीवर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारणं याला मात्र कसबापेक्षा माणसं जास्त लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात उन्हाळ्यात हे पाणी बायका हंड्यांनी वाहून आणतात. ते कमी पडलं की सिमेंट पकडत नाही, बोटाने खरवडलं तरी गिलावा झडतो. म्हणजे भिंत कच्ची राहते ती माणसं कमी पडल्यामुळे.

२००६ मध्ये मळवलीजवळच्या पाटण गावात 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या स्वयंसेवकांनी घरमालकांच्या बरोबरीने शंभर घरांचं काम केलं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष, ८२ वर्षांचे जिमी कार्टर त्यात होते. पाहुण्यांच्या विमानखर्चात आणखी घरं झाली असती, ही टीका मला मान्य आहे. म्हणूनच हात जवळचे हवेत. पाड्यांवर कुडाची घरं सावडीनेच, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावून, उभी राहत आली आहेत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर वीस टक्के घरं दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखायची, हा नियम नाशिकमध्ये पाळला गेला नाही, या आरोपावरून २०२२ मध्ये विधिमंडळात वादळ उठलं. ती घरं वसूल झालीच पाहिजेत. पण सोलापूरच्या विडी कामगार महिलांचं उदाहरण पाहा: त्यांनी आपला वाटा भरला आणि कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली सरकारशी भांडून सोलापूरजवळच्या कुंभारीत दहा हजार घरं मिळवली. स्वतः झिजल्याने त्यांचा हक्क बुडाला नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार. ठेकेदार नेमायचा नाही, कुटुंबानेच घर बांधायचं. पैसे हप्त्यांनी येतात: जोत्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. हातात मजुरीचे पैसे नाहीत म्हणून काम थांबतं, काम थांबलं म्हणून हप्ता अडकतो, आणि मग व्याजाने पैसे काढावे लागतात. श्रमदान नेमकी ही गाठ सोडवतं. भिंत वर आली की सरकारला पैसे सोडावेच लागतात. ते मोकळं सुटतं कुठे?

जमीन नावावर नसलेल्यांचा प्रश्न याने सुटत नाही, त्यासाठी वेगळं भांडावं लागेल. पण ज्यांची जागा आहे आणि घर जोत्यावर अडलं आहे, त्यांच्यासाठी नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एवढं करावं: राष्ट्रीय सेवा योजनेचं यंदाचं सात दिवसांचं शिबिर अशा पाड्यावर घ्यावं, एक चांगला गवंडी पगारी नेमावा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून अडलेल्या घरकुलांची यादी आजच मागून घ्यावी.