पुरचुंडीतला खपरा

कस्टम्सला चकवून आणलेल्या धान्याचं कौतुक आता पुरे झालं, हे मला या स्मरणिकेत स्पष्टच लिहायचं आहे. आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, जेवणाच्या पंगतीत हा विषय निघतोच. कोणाच्या सासूबाईंनी साडीच्या घडीत कडवे वाल आणलेले असतात, तर कोणाच्या काकांनी मोज्यात आंबेमोहोर. ऐकणारे हसतात, टाळ्या देतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "माझ्या किलोभर धान्यानं एवढ्या मोठ्या अमेरिकेचं काय बिघडणार?" त्यासाठी खपऱ्याची ओळख करून घ्यायला हवी. हा दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा आपल्याकडचाच. इंग्रजीतही त्याला 'खाप्रा बीटल' म्हणतात. त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या फटीत दडून बसते आणि खायला काही नसलं तरी वर्षानुवर्षं तग धरते. १९५३ साली तो कॅलिफोर्नियातल्या धान्याच्या गोदामांत सापडला. पुढे ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतही त्याच्याशी लढावं लागलं. अख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून आत मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली. १९६६ पर्यंत चाललेल्या या मोहिमेवर त्या काळचे सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले. किलोभर धान्य आपल्याला थोडं वाटतं, खपऱ्याला ते घर वसवायला पुरेसं आहे.

दुसरं उत्तर म्हणजे, "आपल्याच लोकांना अडवतात!" हेही खरं नाही. जिथे जिथे खपरा आहे, त्या सगळ्या देशांना हा नियम लागू आहे. प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणायला २०११ पासून बंदी आहे. २०२१ च्या हुकमानं त्यात कडधान्यं, गहू, तीळ, धणे, जिरे अशा कितीतरी जिनसांची भर पडली. व्यापाऱ्याच्या कंटेनरला मात्र वाट ठेवली आहे. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल तपासून खपरामुक्त असल्याचा सरकारी दाखला दाखवायचा आणि माल आणायचा. म्हणजे आक्षेप भारतावर नाही आणि वालांवरही नाही, न तपासलेल्या मालावर आहे. "आईनं स्वतः निवडून, उन्हं दाखवून दिलंय" यात माया आहे, पण तो दाखला नव्हे.

कढीपत्त्याचंही तेच. त्याच्या पानांवर सिट्रस सिलिड नावाची बारीक कीड पोसते, आणि ती संत्र्या-लिंबांच्या झाडांना ग्रीनिंगचा रोग लावते. फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये जेमतेम १ कोटी २० लाख निघाल्या. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण बागांचं कंबरडं मोडलं ते या रोगानं. नागपूरच्या संत्र्यांचा अभिमान असणाऱ्या आपल्याला हे दुःख कळायला हरकत नाही.

आता हापूसकडे पाहा. कोयीतल्या सोंड्या किडीच्या भीतीनं आपला आंबा इथे सुमारे अठरा वर्षं बंद होता. मूळ कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या केंद्रात आंब्यांवर विकिरणाची प्रक्रिया करायची, तीही अमेरिकन निरीक्षकाच्या देखरेखीखाली, हे मान्य झालं तेव्हा २००७ साली दार उघडलं. कोविडच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर २०२० आणि २०२१ चे दोन्ही हंगाम वाया गेले. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या पंधरा खेपा केवळ कागदपत्रांतल्या त्रुटींवरून नाकारल्या गेल्या आणि तो माल इथे नष्ट करावा लागला. चूक आपली नव्हे, अमेरिकन निरीक्षकाकडची, असं निर्यातदारांनी सांगितलं. अशा कागदी कारभारावर जरूर टीका करावी, मीही करतो. पण एका कागदापायी ज्यांचा आंबा कचऱ्यात गेला, त्यांचे भाऊबंद आपण. आपणच मोज्यातून तांदूळ आणून मिरवावं, हे शोभत नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बेकायदा जिन्नस असला तरी तो आपणहून सांगितला, तर अधिकारी काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवला आणि सापडला, तर शेकडो डॉलरचा दंड होऊ शकतो. हे ठाऊक असूनही आपण फोनवर बजावतो, "आई, विचारलं तर 'नो फूड' म्हणायचं." जन्मभर आपल्याला खरं बोलायला शिकवलं त्या सत्तरीतल्या बाईला, सोळा-सतरा तासांच्या विमानप्रवासानंतर, परक्या भाषेत, गणवेशातल्या माणसासमोर आपण खोटं बोलायला लावतो. कशासाठी? एडिसनच्या ओक ट्री रोडवर राजरोस मिळणाऱ्या कडधान्यासाठी! आणि हा पराक्रम आपली मुलं पंगतीत बसून ऐकत असतात.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. काय आणता येतं आणि काय नाही, याची मराठी यादी मंडळानं दरवर्षी सरकारी नियम पाहून छापावी. आई-वडिलांना तिकिटाबरोबर ती पाठवावी, आणि वर ठळक अक्षरांत लिहावं : विचारलं तर जे आहे ते सांगा, गेलं तर जाऊ द्या.