रोही, पंचनामा आणि विद्यापीठें

छत्रपति संभाजीनगरच्या सुशिक्षित घरांतून गौताळ्याच्या अभयारण्याविषयीं दोनच प्रकारचें बोलणें आमच्या कानीं येतें. रविवारीं मुलांस घेऊन तेथें जाऊन आलेले गृहस्थ म्हणतात कीं, रोही व रानडुकरें ही वनाची शोभा. शेतकऱ्यानें थोडी कळ सोसावी. ज्यांचें गांवीं शेत आहे ते म्हणतात कीं, सरकारनें बंदुका द्याव्या म्हणजे प्रश्न मिटला. हे दोन्ही पक्ष परस्परांवर तुटून पडतात खरे. परंतु एका गोष्टींत त्यांचें मोठें ऐक्य आहे. नुकसान किती होतें हें दोघांसही ठाऊक नाहीं. मग कळ किती सोसावी आणि रोही किती मारावे, हें कोणत्या हिशेबानें ठरावयाचें?

गौताळा 1986 सालीं अभयारण्य झालें. सुमारें 260 चौरस किलोमीटरांच्या त्या जंगलाच्या कडेस मका, कपाशी आणि तूर उभी असते, आणि रोह्यास सीमेचा दगड वाचतां येत नाहीं. त्यानें पीक खाल्लें तर शेतकऱ्यानें अर्ज करावा. मग पंचनामा होतो, व पाहणाऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर भरपाई ठरते. आमचा आक्षेप या अंदाजावर आहे. मोडून पडलेलें ताट दिसतें. पण कोवळेपणीं शेंडा खुडला गेलेलें रोप पुन्हां फुटतें, हिरवें दिसतें, आणि दाणा मात्र कमी देतें. रोज रात्रीं थोडथोडें खाल्लेलें कोणत्या दिवसाच्या पंचनाम्यांत लिहावें? जागलीवर काढलेल्या रात्री आणि डुकरांच्या भयानें न पेरलेला भुईमूग यांस तर कागदावर रकानाच नाहीं.

हें आम्ही मनचें सांगत नाहीं. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या पश्चिम सीमेवर पुण्याच्या आयसर संस्थेचे मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी यांनीं चार निरनिराळ्या रीतींनीं पिकांचें नुकसान मोजलें. त्यांचा निबंध 2016 सालीं प्रसिद्ध झाला. जंगलास लागून असलेल्या शेतांत निम्म्याहून अधिक पीक जातें, अंतर वाढेल तसतसें नुकसान उतरतें, आणि सरकारी नजरपाहणीचा आंकडा खऱ्या नुकसानाहून फारच कमी असून त्याशीं त्याचा मेळही बसत नाहीं, असें त्यांस आढळलें. आंकडा नुसता कमी असता तर चौपट करून भागलें असतें. मेळच नाहीं, म्हणजे ज्याचें अधिक गेलें त्यास अधिक मिळेल याचीही शाश्वति नाहीं!

1972 हें दुष्काळाचें साल मराठवाडा विसरलेला नाहीं. त्याच वर्षीं परभणीस कृषि विद्यापीठ निघालें व त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. संभाजीनगरचें विद्यापीठ तर 1958 पासूनचें. एकाकडे पीक जाणणारे, दुसऱ्याकडे प्राणी जाणणारे. गौताळ्याच्या कडेचें शेत मोजावयास दोघेही हवेत. एक तुकडा कुंपणाचा, शेजारचा उघडा. अशा जोड्या जंगलापासून कमीअधिक अंतरावर ठेवून पेरणीपासून मळणीपर्यंत नोंद करावी. यास तार, तराजू आणि तीन हंगाम धीर धरणारे विद्यार्थी लागतात. (धीराचीच टंचाई अधिक, हें आम्ही जाणतों.)

यावर कोणी म्हणतील कीं, आंकडा मोठा निघाला तर प्राण्यांवरच संकट येईल. त्यांनीं सोलापूर-नगरकडील माळढोकाचें अभयारण्य आठवावें. 1979 सालीं तें गांवें, शेतें, बाजारपेठा यांसह 8,496 चौरस किलोमीटरांवर आंखलें गेलें. लोकांच्या जमिनींचे व्यवहार अडकले. पुढें तें सुमारें 1,222 वर आणावें लागलें. आज तेथें माळढोक दिसणें ही बातमी होते. शेतकऱ्याचा हिशेब न घेतल्यानें पक्षी वांचला, असें तर कोणी म्हणणार नाहीं ना?

दुसरे म्हणतील कीं, भरपाई वाढली तर शेतकरी खोटें सांगतील. कुंपणांतला तुकडा शेजारीं उभा असतां खोटें सांगावयाचें कसें, तें त्यांनींच सांगावें. तूर्त आमची मागणी एवढीच कीं, येत्या मृगाच्या पेरणीपूर्वीं दोन्ही विद्यापीठांनीं मिळून निदान कन्नड तालुक्यांत अशा दहा जोड्या आंखाव्या, आणि मळणीचीं वजनें, जशीं येतील तशीं, मराठींत छापावीं.